आधी हवा, मग ठिणगी, मग तेल

नाशिकमध्ये लग्नाला गेलं की पंगतीत शेजारी बसलेली बाई मला हमखास दोन प्रश्न विचारते. पहिला, "जहाजावर मळमळत नाही का हो?" आणि दुसरा, "पण तिथं बाईमाणूस करतं तरी काय?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. मळमळतं. इतकी वर्षं झाली तरी मळमळतं, आणि कोणी खलाशी नाही म्हणाला तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी एकदा वैतागून म्हणाले, "चूल पेटवते." बाईंचा चेहरा खुलला. "म्हणजे स्वयंपाकाला आहात होय! मग बरंय की." आणि त्यांनी वाढप्याला हाक मारून मला आणखी दोन जिलब्या वाढायला लावल्या.

मी काही खोटं बोलले नव्हते. मी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. या अंकाच्या संपादकांनी फोन करून "समुद्रावरचं काहीतरी थरारक लिहा" म्हटलं, तेव्हा मला वादळ आठवलं नाही की व्हेल मासा आठवला नाही. ती चूलच आठवली. वादळात आपण काय करतो? जे हाताला लागेल ते घट्ट धरतो आणि देवाचं नाव घेतो. त्यात आपली कसली मर्दुमकी! चूल पेटवायला मात्र डोकं लागतं, आणि ते ठिकाणावर लागतं.

आपल्याकडच्या जहाजी लोकांची एक जुनी बोली आहे. चीफ इंजिनिअर म्हणजे बडा साब, त्याच्या हाताखालचा दो साब, त्यानंतर तीन साब. आणि दिवे, तारा, मोटारी सांभाळणारा तो बत्ती साब. मी पहिल्यांदा जहाजावर चढले तेव्हा बाईला काय म्हणायचं यावर इंजिनरूममध्ये गंभीर चर्चा झाली होती म्हणे. शेवटी 'बत्ती मॅडम' ठरलं. आमच्या मखमलाबादच्या मळ्यात हे कळल्यावर माझे काका आठवडाभर हसत होते. लोडशेडिंग झालं की अजून मला फोन करतात, "बत्ती मॅडम, आमची बत्ती गेली, बघा जरा."

तर ती चूल. हल्लीची जहाजं वाफेवर चालत नाहीत, मग बॉयलर कशाला, असं कोणी विचारलं तर ते शहाणं माणूस आहे असं मी धरून चालते. जहाजाचं इंजिन जे तेल पितं ते डांबराचं भावंड असतं. गरम केल्याशिवाय ते नळीतून पुढे सरकत नाही. आंघोळीचं पाणी गरम पाहिजे, थंड मुलखात खोल्या गरम पाहिजेत, आणि टाक्यांमध्ये पाम तेलासारखा माल असेल तर तोही गरम ठेवावा लागतो. आपल्याकडे थंडीत खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवतात ना, तसलंच ते काम, फक्त बाटलीच्या जागी अख्खं जहाज. या सगळ्याला वाफ लागते. जहाज चालत असताना इंजिनाच्या धुराच्या उष्णतेवर ती तयार होते. इंजिन थांबलं की मात्र बॉयलरखाली तेलाचा बर्नर पेटवावा लागतो.

बर्नर पेटतो कसा, हे मी आमच्या आईच्या शेगडीवरून सांगते. बटण फिरवलं आणि गॅस पेटला नाही, तर आई बटण बंद करते, खिडकी उघडते, पदराने वारा घालते आणि मगच पुन्हा लायटर हातात घेते. बर्नरचंही तेच. बटण दाबलं की आधी नुसता पंखा सुरू होतो, मोठा, कान बसवणारा. तो भट्टीत साचलेली तेलाची वाफ धुराड्यातून बाहेर ढकलतो. याला आम्ही पर्ज म्हणतो. भट्टी झाडून निघाली की ठिणगी पडते आणि डिझेलची एक छोटी ज्योत लागते. ती लागली तरच मुख्य, जड तेलाची झडप उघडते, आणि धडाम् असा आवाज होऊन भट्टीभर जाळ होतो. आधी हवा, मग ठिणगी, मग तेल. हा क्रम चुकला तर काय होतं ते पुढे येईलच.

जाळ लागला की नाही हे बघायला भट्टीला एक डोळा बसवलेला असतो. काचेमागचा छोटासा सेन्सर, त्याला आम्ही फ्लेम आय म्हणतो. त्याला जाळ दिसला तर तेल चालू राहतं. नाही दिसला तर दोनचार सेकंदांत तेल बंद, भोंगा सुरू आणि सगळं ठप्प. मग माणसाने येऊन रीसेटचं बटण दाबल्याशिवाय ते पुन्हा चालू होत नाही. का विझला ते शोधून मगच रीसेट दाबायचं असतं. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि घाईत सगळे आधी रीसेट दाबून बघतात. एकदा पेटला की पुढचं सोपं. वाफेचा दाब कमी झाला की यंत्र आपोआप तेल आणि हवा वाढवतं, दाब चढला की कमी करतं. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं तर कोणाचंही न ऐकता जाळ बंद करतं.

डोळा किती महत्त्वाचा ते सिन्नरला कळलं. मी सुट्टीवर होते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत माझा मावसभाऊ एका खाण्याच्या वस्तूंच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्याचा फोन, "ताई, बर्नर पेटतच नाहीये. काल दसऱ्याला पूजा केली तेव्हा ठणठणीत होता." मी जीपमध्ये बसून गेले. बॉयलरला झेंडूची माळ, समोर नारळ, सगळं कसं नीटनेटकं. मी डोळा बाहेर काढला तर काचेवर हळद, तिच्यावर कुंकू आणि वर एक तांदळाचा दाणा चिकटलेला. पूजा करणारे भिसेमामा, तिथले जुने ऑपरेटर, म्हणाले, "पुसायला बाहेर काढला तर आम्हाला वाटलं, एवढुशी काच आहे, देवाचा डोळाच असंल, म्हणून दोन बोटं जास्त लावली." मी काच पुसली आणि बर्नर एका झटक्यात पेटला. भिसेमामांनी मला तिथल्या तिथे प्रसाद दिला आणि वर बजावलं, "पण पूजेत चूक नव्हती हां मॅडम!" नव्हतीच. मीही म्हटलं, मामा, पुढच्या वर्षी टिळा दारावर लावा.

हे हसण्यावारी गेलं. आता जे सांगणार आहे ते तसं नाही.

एकदा एका जहाजावर पाम तेल भरून आम्ही उत्तरेकडच्या एका थंड बंदराला निघालो होतो. पहिल्याच दिवशी मेसमध्ये मी कोणाला तरी "लय झालं आता" म्हणाले आणि पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "ताई, नाशिक का?" ते आमचे तीन साब, खैरनार. सटाण्याजवळचे, घरी कांद्याची शेती. उंचेपुरे, सदा हसतमुख, सगळ्या अधिकाऱ्यांच्या नकला करणारे. माझी तर अशी करायचे की मलाच वाटायचं, मी इतकी खेकसते का? (खेकसते.) पंप असो, जनरेटर असो, हात लावला की दुरुस्त. बॉयलरही त्यांच्याच ताब्यात होता.

पण माझ्या लक्षात एक गोष्ट आली. बर्नरची नोझल, म्हणजे तेलाचा फवारा सोडणारी तोटी, साफ करायची असली की ते जहाजावरच्या फिटरला, मिस्त्रींना, पाठवायचे. "मिस्त्रींचा हात बसलाय त्याच्यावर." बर्नर सुरू करायचा असला की स्वतः लांब, खांबाच्या पलीकडे उभे राहून सूचना द्यायचे. बर्नरच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, हा नियमच आहे. पण बाजूला म्हणजे हातभर. खैरनार दुसऱ्या टोकाला असायचे. एके दिवशी मी त्यांच्याशी बोलत असताना बर्नर आपोआप सुरू झाला. पंख्याचा आवाज झाला मात्र, यांनी कठडा गच्च धरला. बोटं पांढरी पडली. कपाळावर घाम. आणि चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, ते बघून मला कसंतरीच झालं.

संध्याकाळी डेकवर मी सरळच विचारलं. आधी उडवाउडवी केली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "माले भ्या वाटस, ताई. कोणले सांगू नका."

एरवी ते माझ्याशी चांगलं शहरी मराठी बोलायचे. अहिराणीत आले तेव्हाच मला कळलं की हे आतून येतंय.

आधीच्या जहाजावर झालं ते असं. तिथं बर्नर पेटत नव्हता. पेटायचा, विझायचा. तिथल्या वरिष्ठाला घाई. त्याने एक युक्ती केली, जी आमच्या धंद्यात पुष्कळांना माहीत आहे आणि कोणी मान्य करत नाही. फ्लेम आय बाहेर काढायचा आणि त्याच्यावर टॉर्च धरायचा. डोळ्याला वाटतं, जाळ लागलाय. यंत्र तेल चालूच ठेवतं. कधीतरी पेटेलच की, हा हिशेब. तिकडे भट्टीत जाळ नाहीच, नुसतं तेल पडतंय, गरम विटांवर त्याची वाफ होतेय, आणि ठिणगी चालू. वरिष्ठ टॉर्च धरून बाजूला उभा होता. खैरनारांना त्याने समोर उभं केलं होतं, भट्टीच्या दारातल्या भोकातून आत बघायला.

"दार उघडून जाळ बाहेर आला," ते म्हणाले. "आवाज आठवत नाही. भुवया गेल्या, हात भाजले. भुवया आल्या परत." हाताची पाठ त्यांनी मला दाखवली. कातडी दोन रंगांची होती.

"आणि त्या टॉर्चवाल्याचं काय झालं?"

"काय होणार? चौकशीत ठरलं, तिसऱ्या इंजिनिअरने, म्हणजे मी, पर्ज पूर्ण होऊ दिला नाही. मी तोंडाला पट्ट्या बांधून पडलो होतो, मला कोण विचारतंय!"

मला इतका संताप आला की त्या माणसाचं नाव विचारून मी तिथूनच त्याला शिव्या घालणार होते. खैरनारांनी नाव सांगितलं नाही. ती चूक त्यांच्या नावावर लागली ती लागलीच, आणि मला अजून त्याची हळहळ वाटते.

मग ते म्हणाले, "ही शेवटची खेप, ताई. भाऊ घरी कांदा साठवायला कांदाचाळ बांधतोय, त्याच्याबरोबर शेती बघतो. बायको म्हणते, सेकंडची परीक्षा द्या, दो साब व्हा. तिला यातलं काही माहीत नाही. शेतीची लाज नाही वो मला. बापाने केली, आजाने केली. पण भिऊन पळून आलो म्हणून शेती करायची? रोज वावरात उभं राहिल्यावर तेच आठवेल ना."

मी "जाईल हो भीती," असं काहीतरी पुळचट बोलले. बोलल्यावर माझं मलाच पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. बर्नर बंद असताना डोळा पुसायला जायचं असलं की त्यांना हाक मारायची. "खैरनार, जरा स्पॅनर धरा." "खैरनार, इकडची तार ओढा." आधी तोंड वाकडं करून यायचे. मग आपणहून यायला लागले. नोझल उघडून साफ करायला लागले. भट्टीच्या दारापाशी बसून चहा प्यायचे, माझी नक्कल करायचे. मिस्त्री, सावंत म्हणून कोकणातले, मला विचारायचे, "बत्ती मॅडम, माझी नोकरी खाताय काय?" पण पंखा सुरू झाला रे झाला की खैरनार खांबामागे. तिथं काही उपाय चालेना.

थंड मुलखात पोचलो आणि बंदराबाहेर नांगर टाकून पडलो. धक्का रिकामा होईपर्यंत थांबायचं होतं. इंजिन बंद, म्हणजे आता सगळी भिस्त बर्नरवर. बाहेर डेकवर बर्फ, कठड्यांना हात लावला तर चिकटेल असा गारठा. टाक्यांमधलं पाम तेल वाफेवर गरम राखलेलं. वाफ गेली तर ते थिजणार, आणि थिजलेलं जहाजभर तूप धक्क्यावर नेऊन उपसणार कसं?

सकाळी नाश्ता चालू असताना भोंगा झाला. बर्नर विझला होता. मी खाली पोचेपर्यंत बडा साब तिथं आलेले होते. ते केरळचे, एरवी अतिशय शांत माणूस, रविवारी स्वतः सगळ्यांना अप्पम करून घालणारे. पण वरून कॅप्टनचे फोन, किनाऱ्यावरून कंपनीचे फोन, त्यांचा जीव नुसता टांगणीला लागला होता. ते मिस्त्रींना म्हणत होते, "रीसेट मारो. फिर मारो." सावंत मारत होते. पंखा फिरायचा, ठिणगी पडायची, क्षणभर धडधड व्हायची आणि पुन्हा भोंगा. दर खेपेला वाफेच्या दाबाचा काटा थोडा खाली.

मी डोळा काढला, पुसला, टॉर्च दाखवून तपासला. डोळा चोख होता. जाळ दिसत नव्हता कारण जाळ नव्हताच. तेवढ्यात वरून ब्रिजचा, म्हणजे सुकाणूच्या खोलीचा, फोन आला. जहाजाच्या धुराड्यातून पांढरा धूर येतोय.

"भाप होगा," बडा साब म्हणाले. मग त्यांची नजर माझ्या हातातल्या टॉर्चवर गेली. "बत्ती मॅडम, फ्लेम आय बाहर ही रखो. उस पे टॉर्च दिखाओ. एक बार पकड लिया तो चल पडेगा."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण माझ्या आधीच कोणीतरी बोललं.

"ताई, टॉर्च द्या इकडे."

खैरनार खांबामागून पुढे आले होते. बडा साबना वाटलं, मॅडम घाबरल्या, तीन साब मदतीला आले. "हां, तुम पकडो," ते म्हणाले.

खैरनारांनी टॉर्च खिशात घातला आणि तेलाची झडप हाताने बंद केली. मग सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. आवाज थरथरत होता, पण मोठा होता. "बडा साब, तो पांढरा धूर म्हणजे वाफ नाही. कच्चं तेल आहे ते, आत उकळतंय. इतक्या वेळा रीसेट मारला, दर वेळी तेल आत पडलं. आता ठिणगी पडली तर हे दार बाहेर येईल. आणि त्याच्या समोर सावंत उभे आहेत."

हे सगळं ते मराठीत बोलले. बडा साबना मराठी येत नव्हतं, तरी त्यांना सगळं कळलं. सावंत समोरून असे उडून बाजूला झाले की एरवी मी पोट धरून हसले असते.

"फक्त पंखा," खैरनार म्हणाले. "बाकी काही नाही. धूर थांबेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही."

पंखा सुरू झाला. मी खैरनारांकडे बघत होते. कठड्याला धरलं होतं त्यांनी, घाम तसाच येत होता. पण ते जागेवरून हलले नाहीत. पंखा फिरत राहिला, दाबाचा काटा उतरत राहिला, वरून फोन येत राहिले. बडा साबनी एकदा घड्याळाकडे बघितलं आणि काहीतरी बोलायला गेले. खैरनारांनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे. बडा साब मागे सरले. शेवटी ब्रिजवरून निरोप आला, धूर थांबला. तेव्हा खैरनारांनी स्वतः बर्नरचं दार उघडलं आणि खिशातला टॉर्च काढून आत धरला.

भट्टीच्या तळाला तेलाचं डबकं साचलं होतं. उजेडात लकलकत होतं.

बडा साब वाकून बराच वेळ बघत राहिले. मग डोक्यावरचं हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि पुन्हा घातलं. "तीन साब," एवढंच म्हणाले. तो माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरलेल्या वरिष्ठाइतकं धोक्याचं काही जहाजावर नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

भट्टी निवल्यावर आम्ही सगळे तेल उपसायला लागलो. लांब दांड्याला चिंध्या बांधून, पत्र्याने खरवडून. बडा साब स्वतः गुडघ्यावर बसून चिंध्या पिळत होते, कोपरापर्यंत काळे. मूळ दुखणंही सापडलं. थंडीत तेल गरम करणाऱ्या हीटरची वाफ कमी पडली होती, त्यामुळे तेल दाट राहिलं. दाट तेलाचा फवारा होत नाही, ते थेंबाथेंबाने गळतं. पेटणार कुठून? वाफ नाही म्हणून तेल गरम नाही, आणि तेल गरम नाही म्हणून वाफ नाही, असं ते त्रांगडं होतं. त्यावर उपाय सोपा होता. सुरुवात डिझेलवर करायची, ते पातळच असतं. वाफ आली की जड तेलावर यायचं. शांत डोक्याने कोणालाही सुचलं असतं. पण भोंगा वाजत असताना डोकं शांत ठेवणार कोण!

खैरनारांनी नवी नोझल बसवली, झडपा तपासल्या. आता पेटवायचा. सावंत सवयीने पुढे झाले.

"सावंत, तुम्ही मागे व्हा," खैरनार म्हणाले. "मी लावतो."

ते दारापासून हातभर बाजूला उभे राहिले, नियमाप्रमाणे. बटण दाबलं. पंखा घोंगावला. पर्ज पूर्ण झाला. ठिणगी तडतडली, छोटी ज्योत लागली, झडप उघडली आणि धडाम् झालं. बाजूच्या पत्र्यावर भोकातून तांबूस उजेड पडला आणि तिथंच राहिला. विझला नाही. भोंगा नाही. सावंतांनी टाळ्या पिटल्या, बडा साबनी खैरनारांच्या पाठीवर काळ्या हाताने थाप मारली आणि कॅप्टनला सांगायला कंट्रोल रूममध्ये पळाले. दाबाचा काटा हलला, आधी चाचरत आणि मग चांगला चढायला लागला. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. तेलाचा हात लावून पुसलं, त्यामुळे आणखी आलं.

खैरनार मात्र थोड्या वेळाने माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "ताई, मी डोळे मिटले होते."

"मग काय झालं? पेटला ना!"

"पेटला. पण मी बघितलं नाही." ते जरा घुटमळले. मग सरळ गेले आणि बंदचं बटण दाबलं.

जाळ विझला. सावंत ओरडले, "अहो, काय करताय काय!" कंट्रोल रूमचा फोन त्याच क्षणी खणखणला. मी उचलला.

"किसने बंद किया?" बडा साबचा आवाज चिरकला होता. "बत्ती मॅडम, फिर से बुझ गया क्या?"

"नहीं बडा साब, बर्नर एकदम ठीक है," मी म्हणाले. "तीन साबने बंद किया. उनको एक बार आँख खुली रख के जलाना है."

पलीकडे शेजारच्या फोनवर कॅप्टन काहीतरी मोठमोठ्याने बोलत होते ते मला ऐकू येत होतं. बडा साबनी त्यांना सांगितलं, "जस्ट टेस्टिंग, सर." आणि मग मला म्हणाले, "बोलो, आराम से."

खैरनार आता दुसऱ्या एका जहाजावर दो साब आहेत. परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले. कांदाचाळ भावाने एकट्याने बांधली आणि अजून त्यांना त्याबद्दल टोमणे मारतो. पण मला कोणी या नोकरीत काय कमावलं असं विचारलं, तर मी त्या दुपारचंच सांगते.

त्यांनी पुन्हा पंखा लावला. पर्ज पूर्ण होऊ दिला, एक क्षणही कमी नाही. ठिणगी पडली. या खेपेला मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. धडाम् झालं तेव्हा खांदे उडाले त्यांचे, पण पापणी लवली नाही. जाळ स्थिर झाल्यावर ते दोन पावलं पुढे गेले, भोकाच्या निळ्या काचेला डोळा लावला आणि तसेच वाकून उभे राहिले. सगळा चेहरा उजळला होता. बराच वेळ बघितलं. मग मान वळवून अगदी माझ्याच खेकसण्याच्या सुरात मला म्हणाले,

"लांब काय उभ्या राहिल्या, ताई? जवळ या की. बघा तरी."